बाण घडविताना

आमच्या ओसरीच्या आढ्याला वेळूच्या काड्यांची एक मोळी बारमाही टांगलेली असते. काड्या बदलतात; मोळी मात्र गेली कित्येक वर्षे तेथेच आहे. नवा पाहुणा आला की वर पाहून विचारतो, "मांडवासाठी ठेवल्या का?" आम्ही "बाणांसाठी" असे उत्तर देतो, आणि मग पाहुणा एकदा मोळीकडे व एकदा आमच्या चष्म्याकडे पाहून विषय बदलतो. सेनगावासारख्या सोयाबीन, तूर आणि हळदीच्या मुलखात निवृत्त चित्रकला शिक्षकाने बाण करीत बसावे, हे लोकांच्या पचनी पडत नाही. त्यांचेही चुकत नाही.

आम्ही मूळचे वसईकडचे. शिक्षकाच्या नोकरीने मराठवाड्यात आणले तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता; १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि घर न बदलता आमचा पत्ता बदलला. संत नामदेवांचे नरसी येथून जवळ, कयाधू नदीच्या काठी. शाळेत आमच्याकडे चित्रकला होती. क्रीडाशिक्षकांची बदली झाली, जागा भरली गेली नाही, आणि खेळाचा तासही आमच्या गळ्यात आला. ज्याला सरळ रेघ ओढता येते त्याला नेमही धरता येत असावा, असा वरिष्ठांचा हिशेब असावा. २०११ सालच्या पावसाळ्यात शाळेला वेळूची चार धनुष्ये आणि दोन डझन बाण मिळाले. धनुर्विद्येच्या स्पर्धांत 'इंडियन राऊंड' नावाचा एक प्रकार असतो. त्यात धनुष्य वेळूचे आणि बाण वेळूचे वा लाकडाचे. परदेशी बनावटीचे महागडे साहित्य लागत नाही, म्हणून खेड्यातल्या शाळांना तेवढे एक दार उघडे असते. दिवाळीच्या सुटीपर्यंत चोवीसांतले पाच बाण उरले. काही मोडले, काही शेजारच्या तुरीत गडप झाले, आणि दोन कोणाच्या तरी गोठ्यात वासरे हाकण्याच्या कामी लागल्याचे पुढे समजले. नवे मागविण्यास पैसे नव्हते. मग आम्ही ठरविले, की आपणच करू. काडी, टोक, पीस आणि खाच. चारच तर गोष्टी आहेत! या 'तर'ची किंमत पुढे कळायची होती.

संस्कृतात 'शर' हा शब्द बाणालाही आहे आणि बोरूसारख्या एका उंच गवतालाही आहे. जुन्या लोकांना बाण घडवावा लागत नसे, तो नुसता तोडून आणावा लागे, असा सोयीस्कर अर्थ त्यातून काढून आम्ही नदीकाठच्या बोरूवर पहिला प्रयोग केला. बोरू हलका आणि दिसायला सरळ. परंतु आमच्या हाती आलेला बोरू ठिसूळ निघाला. तिसऱ्याच नेमाला कडब्याच्या पेंढ्या बांधून केलेल्या लक्ष्याच्या चौकटीवर आपटला आणि उभा चिरफळला. लेखणीसाठी त्याच्यासारखे दुसरे काही नाही हे आम्ही आजही मान्य करतो. बाणासाठी मात्र वेळूकडे वळणे भाग पडले.

गावात टोपल्या आणि सुपे विणणारे एक वृद्ध बुरुड होते. त्यांना सारे आबा म्हणत. आम्हीही म्हणू लागलो. शेताच्या बांधावरच्या बेटातून करंगळीएवढ्या जाडीच्या पंधरा-वीस हिरव्या काड्या तोडून आम्ही त्यांच्यापुढे मोठ्या अभिमानाने ठेवल्या. आबांनी एक उचलली, डोळ्यासमोर धरली आणि खाली ठेवली.

"सर, हिरवा येळू लबाड असतो. हातात सरळ दिसतो, अन् वाळताना आपल्या मनाचं करतो."

"मग कधी तोडायचा, आबा?"

"थंडी पडू द्या. अंधाऱ्या पाखात तोडा. सावलीला टांगा. अन् मग त्याला इसरून जा."

अंधाऱ्या पाखाबद्दल आम्ही वाद घातला नाही. थंडीचे कारण मात्र उघड आहे. पावसाळ्यात वेळू वाढीला लागलेला असतो, अंगात रस आणि पिष्ट भरलेले असते. त्या वेळी तोडला की भुंगेरे त्याला पोखरतात आणि काही महिन्यांत काडीखाली पिवळसर पिठाची रांगोळी पडते. आमच्या पहिल्या मोळीची ती रांगोळी आम्ही स्वतः झाडली आहे. 'विसरून जा' हा सल्ला पाळणे त्याहून अवघड होते. रोज ओसरीत बसल्यावर दृष्टी वर जाई. तीन महिने थांबणे ही शिक्षकाची वृत्ती नाही. आम्हांला तिमाहीत निकाल लावायची सवय.

वाळलेली काडी सरळ नसतेच. तिच्या प्रत्येक गाठीशी एक किंचित मुरड असते. ती काढावयाची तर गाठ निखाऱ्यावर धरून फिरवीत राहायचे, हाताला चटका बसेल इतकी तापली की उलट्या बाजूस हलकेच दाबायची आणि निवेपर्यंत तशीच धरून ठेवायची. तापल्यावर वेळूचे तंतू मऊ पडतात आणि निवताना नवी ठेवण पत्करतात. घाई करून सोडली की काडी पूर्वपदावर येते. जास्त तापविली की काळी पडून तेथेच दुबळी होते. एका काडीला सहा-सात गाठी. पहिली गाठ सरळ केली की दुसरी वाकडी भासू लागते. आम्ही तीस वर्षे मुलांना सरळ रेघ शिकविली. परंतु सरळ रेघ म्हणजे काय हे निखाऱ्यासमोर उकिडवे बसल्यावरच ध्यानी आले. घरातल्या एका जुन्या फोटोची काच काढून तिच्यावर काडी घरंगळवून पाहायची रीत आम्ही शोधली. वाकडी काडी काचेवर लंगडत जाते. तिचा आवाजच वेगळा.

यानंतर आमच्या कामात एक गुंतागुंत आली, आणि खरे सांगायचे तर तेथेच आम्हांला या विद्येची गोडी लागली. सरळ काड्यांचे बाण केले, तरी एकाच मुलाने एकाच जागेवरून सोडलेले बाण एक डावीकडे, एक उजवीकडे असे जात. मुलाला आम्ही रागावलो. तो बिचारा गप्प राहिला. दोष त्याचा नव्हता. प्रत्यंचा सुटते तेव्हा बाण धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो. मागून बसलेल्या धक्क्याने तो आधी एका बाजूस आणि मग दुसऱ्या बाजूस लवतो, मासा पोहावा तसा लवत लवत पुढे सरकतो, आणि थोड्या अंतरावर जाऊन स्थिर होतो. १९३०च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञाने अतिवेगवान चित्रीकरण करून हे डोळ्यांना दाखविले. फार कडक काडी लवत नाही, दांड्याला घासून बाजूला फेकली जाते. फार लवचीक काडी दुसऱ्या बाजूस जाते. तेव्हा काडी धनुष्याच्या ओढीला जुळेल इतकीच लवली पाहिजे, आणि एका संचातल्या साऱ्या काड्या सारख्याच लवल्या पाहिजेत.

हे मोजण्याची जुनी पद्धत अगदी साधी आहे. सव्वीस इंच अंतरावर दोन टेकू, त्यांवर काडी आडवी, मधोमध दोन पौंडांचे वजन; काडी किती इंच खाली आली तेवढ्याने सव्वीसला भागले की ती किती पौंडांच्या धनुष्याला योग्य ते निघते. आमची धनुष्ये सव्वीस पौंडांच्या आसपासची, म्हणजे काडी बरोबर एक इंच लवायला हवी. फळीवर दोन खिळे ठोकले. दोन पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम; किराणा दुकानातून पाचशेचे एक आणि दोनशेची दोन अशी वजने मागून आणली आणि सात ग्रॅमांकडे काणाडोळा केला. चाळीस काड्या तपासल्या. एक इंचाच्या जवळपास लवणाऱ्या निघाल्या अवघ्या चौदा. उरलेल्या सव्वीस काड्या डोळ्यांना त्यांच्यासारख्याच दिसत होत्या. काहीतर अधिक देखण्या होत्या.

त्यापुढे वजन. यासाठी बाजारातल्या सोनारांना गाठले. ते भले गृहस्थ. सोन्याच्या तराजूत वेळूची काडी ठेवण्यास त्यांनी प्रथम नकार दिला, मग कुतूहलाने होकार दिला, आणि पुढे स्वतःच हिशेब मांडू लागले: "सर, ही दोन गुंजांनी जड भरते." आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, दोन गुंज म्हणजे पाव ग्रॅमच्याही आत. पाश्चात्त्य धनुर्धर बाणाचे वजन 'ग्रेन'मध्ये, म्हणजे धान्याच्या दाण्यावरून आलेल्या मापात करतात. आम्ही गुंजेच्या बीवर केले. टोकासाठी एका घिसाड्याकडून लोखंडी पत्र्याच्या निमुळत्या टोप्या करून घेतल्या. त्यांचेही वजन जुळविले, कारण बाणाचा तोल मध्याच्या थोडा पुढे असावा लागतो. खाच कापावयाची ती गाठीच्या अगदी लगत, म्हणजे दोरीच्या दाबाने काडी उभी फाटत नाही. तरीही खाचेखाली दोऱ्याचे पंधरा-वीस घट्ट वेढे द्यावे लागतात.

आता पिसे. बाणाला पीस कशाला, असे मुले विचारीत. पीस मागच्या टोकाला हवेचा अटकाव करते. मागची बाजू भरकटू लागली की हवा तिला परत रांगेत ढकलते, आणि पिसाच्या अंगच्या वळणामुळे बाण स्वतःभोवती फिरत जातो. महाभारतात बाणांचे वर्णन करताना 'कंकपत्र', 'गार्ध्रपत्र' अशी विशेषणे येतात. गार्ध्रपत्र म्हणजे गिधाडाचे पीस लावलेला. मोठ्या पक्ष्याच्या पंखाचे पीस ताठ, रुंद आणि चिवट असते, म्हणून ही निवड. आम्ही नव्याने या भागात आलो तेव्हा गावाबाहेर मेलेल्या बैलावर गिधाडे उतरलेली आम्ही पाहिली होती. त्यांचे ते वखवखलेले रूप पाहून तेव्हा आम्ही नाकाला रुमाल लावून निघून गेलो. पिसांच्या निमित्ताने त्यांची आठवण झाली तेव्हा वर आभाळात काहीच नव्हते. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचे औषध जनावरांना सर्रास टोचले जाई. ते अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ साली हे कारण सिद्ध झाले, २००६ साली भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर आपल्याकडच्या तीन जातींची गिधाडे शंभरातली जेमतेम दोन-तीन उरली होती, आणि एका जातीची तर तेवढीही नाहीत. शिवाय ती असती तरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांचे पीस आम्हांला घेता आले नसते, आणि ते योग्यच. मोराच्या पिसाऱ्याची गळलेली पिसे बाळगण्यास सूट आहे, पण डोळ्याचे ते लांब पीस भिंतीवर शोभते. बाणाला त्याचा काही उपयोग नाही.

गावठी कोंबडीच्या पंखाची पिसे लावून पाहिली. ती आखूड आणि मऊ. पहिल्या पावसाच्या शिंतोड्यात कोलमडली. रॉजर अ‍ॅशम या इंग्रज पंडिताने १५४५ साली धनुर्विद्येवर एक ग्रंथ लिहिला; त्यात पिसांसाठी पाळीव राजहंसाची मोठी वाखाणणी केली आहे. सेनगावात राजहंस कोठला! अखेरीस रिसोडच्या वाटेवर एका शेतकऱ्याने हौसेखातर पाळलेल्या टर्की दृष्टीस पडल्या. त्यांची गळलेली पिसे वेचण्यासाठी आम्ही दर रविवारी तेथे जाऊ लागलो. त्या शेतकऱ्याच्या मातोश्रींची समजूत अशी झाली की मास्तरांच्या घरी कोणाला तरी दृष्ट लागली आहे आणि उतारा चालू आहे. आम्ही खुलासा केला नाही. पिसे मिळत होती.

पिसांत डावे-उजवे असते. डाव्या पंखाचे पीस एका अंगाला वळते, उजव्याचे दुसऱ्या. एका बाणाला तिन्ही पिसे एकाच पंखाकडची हवीत. मिसळली तर दोन पिसे बाणाला एका दिशेने फिरवू पाहतात आणि तिसरे दुसऱ्या. आम्ही बिस्किटांच्या दोन डब्यांवर 'डावा' व 'उजवा' अशा चिठ्ठ्या लावल्या. पिसाचा दांडा उभा चिरायचा, बूड कानशीने घासून पातळ करायचे, खाचेला काटकोनात एक पीस आणि बाकीची दोन सारख्या अंतरावर बसवायची. खाचेला काटकोनात असलेले हे पीस नेमबाजाने धनुष्याच्या दांड्यापासून बाहेर ठेवायचे असते, म्हणून ते आम्ही वेगळ्या रंगाचे घेत असू. चिकटविण्यास धावड्याचा डिंक चांगला, पण त्याला ओल मानवत नाही. म्हणून सरस, आणि पुढे बाजारातला फेव्हिकॉल. वर पिसाच्या तंतूंमधून बारीक दोऱ्याचे वेढे. हे वेढे देताना नरसीचे नामदेव शिंपी होते याची आठवण होई. दोऱ्याचे काम या भूमीला नवे नाही.

ही रीत किती जुनी आहे हे पुढे वाचनात आले. १९९१ साली इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील बर्फात सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे शव सापडले. त्याच्या भात्यात चौदा बाण होते. दोन पुरे झालेले. त्यांची तीन-तीन पिसे झाडाच्या डांबराने चिकटवून वर बारीक दोऱ्याने बांधलेली. उरलेले बारा नुसत्या काड्या होत्या. डोंगर चढता चढता, बसेल तेथे, तो ते पुरे करणार होता. आमच्या ओसरीतल्या मोळीशी त्या बारा काड्यांचे नाते जुळल्यासारखे आम्हांला वाटले. त्या माणसाच्या डाव्या खांद्यात दुसऱ्या कोणाच्या बाणाचे टोक रुतलेले होते, हे २००१ साली उघडकीस आले.

२०१४ साली नववीतला एक मुलगा जिल्हा पातळीच्या स्पर्धेस उभा राहण्याइतका तयार झाला. त्याचे नाव येथे देत नाही. त्याला ते आवडणार नाही. वडील शेतमजूर, आई सालगड्याच्या घरची. अंगाने किरकोळ, पण प्रत्यंचा ओढून धरली की त्याच्या पापण्यासुद्धा हलत नसत. त्याच्यासाठी आम्ही बारा बाण करावयास घेतले. चार महिने त्यात गेले. सारखी लवण, सारखे वजन, पिसे एकाच पंखाची. चित्रकलेचा मास्तर गप्प कसा बसेल? प्रत्येक बाणाला खाचेखाली शेंदरी आणि पिवळा असे दोन पट्टे काढले, वर लाखेचे रोगण दिले. बारा बाण कागदावर मांडले तेव्हा ते एकाच काडीच्या बारा सावल्या दिसत होते. आमच्या सौभाग्यवतींनीही मान डोलावली, आणि ती सहसा डोलत नाही.

त्यांतला सातवा बाण. काडी जुळविताना आम्ही ती नखावर आपटून पाहिली होती. बाकीच्या काड्या खणखणीत वाजल्या. ही थोडी बद वाजली. बोटाने चाचपली, मधल्या गाठीपाशी केसाएवढी रेघ लागल्यासारखे वाटले. परंतु बारा हवे होते, तेरावी जुळणारी काडी नव्हती, स्पर्धा आठ दिवसांवर. आम्ही त्या जागी दोऱ्याचे वेढे दिले आणि वरून शेंदरी रंगाचा एक जादा पट्टा काढला. एकट्या सातव्याला तीन पट्टे दिसू नयेत म्हणून मग बाराही बाणांना तिसरा पट्टा काढला.

सरावाच्या तिसऱ्या दिवशी तो बाण मुलाच्या हातातून सुटताना मधोमध मोडला. प्रत्यंचेने मागचा अर्धा तुकडा पुढे ढकलला आणि त्याची वेळूची चिंबळ डाव्या हातात, अंगठ्याच्या बुडाशी, आत शिरली. वेळूची कड किती धारदार असते हे बुरुडाला विचारावे. मुलगा ओरडला नाही. त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, हे कामून मोडलं?"

दवाखान्यात नेईपर्यंत आमचा रुमाल भिजून गेला होता. चिंबळ काढली, टाके पडले. आत राहिलेला एक बारीक तुकडा काढण्यासाठी आठ दिवसांनी पुन्हा जावे लागले. स्पर्धा गेली. अंगठा वाचला, हलतो. परंतु बुडाशी एका रुपयाएवढ्या जागेत त्याला आजही स्पर्श कळत नाही.

दोन दिवसांनी त्याचे वडील संध्याकाळी आमच्या ओसरीत आले. ते बोलतील, रागावतील, अशी आम्ही मनाची तयारी केली होती. त्यांनी धोतराच्या सोग्यातून त्या बाणाचे दोन तुकडे काढले, उंबऱ्याजवळ ठेवले, "हे तुमचं, सर," एवढे म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या म्हणण्यात टोचणी नव्हती. एखाद्याची वस्तू आपल्याकडे राहिली तर परत करावी, तसे ते होते. आम्ही रात्री तुकडे दिव्याखाली धरले. दोऱ्याच्या वेढ्यांखाली जुनी चीर अगदी स्पष्ट दिसत होती. तिच्या कडा मातकट झालेल्या; म्हणजे ती मोडताना पडलेली नव्हती.

लहानपणी वसईत संत सेबॅस्टियनच्या सणाला, २० जानेवारीस, आम्ही त्यांच्या मूर्तीसमोर उभे राहत असू. अंगात रुतलेले बाण पाहून आजीला विचारीत असू, "हे कोणी मारले?" आजी त्या सम्राटाचे आणि त्याच्या शिपायांचे नाव सांगे. बाणांनी ते मेले नाहीत, आयरिन नावाच्या विधवेने त्यांच्या जखमा बऱ्या केल्या, हेही सांगे. धनुर्धर त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात. ते बाण केले कोणी, हा प्रश्न आम्हांला त्या रात्रीपर्यंत कधी पडला नव्हता. कोणीतरी निखाऱ्यापाशी बसून त्या काड्याही सरळ केल्या असतील. पिसे जुळविली असतील.

उरलेले अकरा बाण आम्ही कपाटावर टाकून दिले. खेळाचा तास दुसऱ्या शिक्षकांनी घ्यावा असा अर्ज केला. तो मंजूर व्हायला वर्ष लागले, ही गोष्ट वेगळी. वरिष्ठांना आम्ही चिरेची हकिगत सांगितली होती. त्यांनी ती 'अपघात' या एका शब्दात बसविली. मुलाला मात्र आम्ही काही सांगितले नव्हते.

दिवाळीनंतर तो स्वतःच आला. हाताची पट्टी निघाली होती.

"सर, बाकीचे बाण कुठं हायेत?"

"कशाला हवेत?"

"बघू द्या."

आम्ही काढून दिले. तो ओसरीत मांडी घालून बसला. एकेक बाण कानाशी धरून दोन्ही हातांनी हळूच वाकवू लागला, फिरवून पुन्हा वाकवू लागला. कोणी शिकविले म्हणून विचारले, तर म्हणाला, "आबांनी." बाण सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी हेच करावयाचे असते, हा या विद्येचा पहिला पाठ, तो आम्ही रंगाच्या नादात कधी दिलाच नव्हता. चौथा बाण करकरला. त्याने तो गुडघ्यावर मोडून बाजूला ठेवला. नववाही करकरला. तोही मोडला. आम्ही समोर बसून पाहत होतो. ते दोन बाण आम्हांला बद वाजले नव्हते. त्यांना आम्ही उत्तम म्हटले होते. मग आम्ही त्याला सातव्याची सारी गोष्ट सांगितली, तिसऱ्या पट्ट्यासकट. त्याने ऐकून घेतली. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हणून बाराईंला तीन पट्टे."

पुढच्या थंडीत काड्या तोडायला तो आमच्याबरोबर आला. त्याला पुन्हा स्पर्धेत उतरायचे नव्हते. बाण करायचे होते. आज तो मोटारपंप दुरुस्तीचे दुकान चालवितो. मोटारीला तांब्याच्या तारेचे वेढे देणाऱ्या हातांनी दिलेले दोऱ्याचे वेढे आमच्या वेढ्यांहून शतपटींनी नीट असतात. शाळेतली मुले त्याच्याकडून बाण नेतात. रंगाचा पट्टा तो एकच काढतो, तोही खाचेखाली, जेथे काही लपत नाही.

५ ऑगस्ट २०२३ रोजी त्याने दुकानातून आम्हांला बोलावून घेतले. मोबाईलवर बर्लिनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. साताऱ्याकडची सतरा वर्षांची अदिती स्वामी जगज्जेती झाली. उसाच्या शेतातल्या मैदानावर तिने सराव केलेला. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुषांच्या अंतिम फेरीत पंधरा बाणांत दीडशे गुण घेतले. पन्नास मीटर अंतर, आठ सेंटिमीटरचे वर्तुळ, पंधराही बाण आत. लोक त्याच्या हाताकडे पाहत होते. आमचा मित्र बाणांकडे पाहत होता. कार्बनचे ते बाण कारखान्यात तयार होतात, त्यांच्या वजनात गुंजेचाही फरक नसतो. पण मागची प्लास्टिकची पाती मोठमोठे खेळाडूही आजपर्यंत स्वतःच्या हातानेच चिकटवितात, हे त्याला ठाऊक होते. "तेवढं कुणी दुसऱ्यावर सोपवत न्हाई, सर," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाची मोटार पुन्हा हाती घेतली.

आबा आता नाहीत. आमची दृष्टी अधू झाल्याने सरळ-वाकडे आम्ही बोटांनीच ओळखतो. यंदाच्या थंडीत चाळीस काड्या तोडल्या. परवाच्या रविवारी तो आला, शिडी लावून मोळी खाली घेतली आणि एकेक काडी कानाशी धरू लागला. एक काडी आम्ही आधीच वेगळी काढून ठेवली होती. इतकी सरळ काडी वर्षानुवर्षांत हाती लागली नव्हती. तिच्याबद्दल आम्ही काही बोललो नाही. ती त्याने दोनदा वाकविली, थांबला, तिसऱ्यांदा वाकविली आणि मोडली. तुकडे चुलीसाठी आत देऊन आला. उरलेल्या एकोणचाळीस पुन्हा आढ्याला बांधल्या. होळीनंतर निखाऱ्यावर घेऊ, असे म्हणाला.